अग्निवीर घरी आल्यावर त्याच्या घरच्यांच्या औषधपाण्याचं काय?

माननीय संरक्षणमंत्री महोदय
आणि माजी सैनिक कल्याण विभागाचे सचिव महोदय,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त हवालदाराची पत्नी आहे. यजमान पूर्ण नोकरी करून पेन्शनवर आले. आमच्याकडे ईसीएचएसची, म्हणजे पेन्शनवर आलेल्या फौजींच्या आरोग्य योजनेची, कार्डं आहेत. त्यांच्या साखरेच्या आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पॉलिक्लिनिकमधून मिळतात. गावात आणि आसपासच्या वाड्यांवर कुणाचा मुलगा फौजेतून परत आला, कुणाचे यजमान वारले, कुणाच्या मुलीचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या कुटुंब-नोंदीत, चढायचं राहिलं, की कागद घेऊन मंडळी माझ्याकडे येतात. सैनिक बोर्डात काय लागतं आणि काय लागत नाही हे मला आता पाठ झालं आहे. तेव्हा आमच्या घरासाठी काही मागावं म्हणून मी लिहीत नाही. आमची सोय झालेली आहे. ज्यांची झालेली नाही, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मागणी सुरुवातीलाच सांगते. अग्निपथ या चार वर्षांच्या फौजी भरतीतून अग्निवीर म्हणून नोकरी संपवून जी मुलं घरी येतात, त्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या माणसांना नोकरी सुटल्यापासून पुढची दोन वर्षं वैद्यकीय उपचारांचं संरक्षण द्या. कायमचं नको, मुदतीचं द्या. ती मुलं दुसऱ्या कामाला लागेपर्यंत, त्यांचं बस्तान बसेपर्यंत.

१४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली. त्या वर्षी सुमारे ४६,००० मुलं घेण्याचं ठरलं आणि २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या सुरुवातीला पहिल्या तुकड्या प्रशिक्षणाला लागल्या. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये आमच्या भागातली पोरं गेली, कुणी नाशिकला तोफखान्यात गेली, काही नौदलातर्फे ओडिशात चिल्काला गेली. या पहिल्या मुलांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरत जातात. शंभरातली पंचवीसपर्यंत कायम होतील. उरलेली पंचाहत्तर सेवा निधीची, म्हणजे नोकरी संपताना एकदम मिळणारी, रक्कम घेऊन घरी येतील. ही रक्कम व्याजासह ११.७१ लाख रुपयांच्या आसपास जाते, त्यावर प्राप्तिकर नाही, आणि तिच्यातला निम्मा पैसा त्यांच्याच पगारातून महिन्याला तीस टक्के कापून जमा झालेला असतो. भरतीच्या अटींत पुढचं वाक्यही स्पष्ट आहे: पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कँटीन नाही, ईसीएचएस नाही.

नोकरीत असेपर्यंत त्या मुलाला लष्करी दवाखान्याचा हक्क असतो. एमआय रूमपासून, म्हणजे युनिटमधल्या छोट्या दवाखान्यापासून, पुण्याच्या कमांड हॉस्पिटलपर्यंत सगळी दारं त्याला उघडी असतात. डिस्चार्जचा शिक्का बसला की ती सगळी बंद. त्या दिवशी त्याचा पगारही थांबतो. म्हणजे उपचाराचा हक्क आणि उपचाराला लागणारा पैसा, दोन्ही एकाच दिवशी जातात. माझ्या पत्राचं सगळं म्हणणं या एका दिवसाभोवती आहे.

आता आजारपण कसं चालतं ते पाहा. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रियेनंतर माणूस धडपणे धावायला लागेपर्यंत सहा ते नऊ महिने जातात आणि तेवढे दिवस फिजिओथेरपी करावी लागते. हाड मोडून आत धातूची पट्टी बसवली असेल, तर ती काढायची वेळ वर्ष-दीड वर्षानं येते. साध्या क्षयाचा औषधोपचार सहा महिन्यांचा असतो. तोफांच्या आणि फायरिंगच्या आवाजानं कान गेलेला बऱ्याचदा त्या वेळी कळतच नाही. घरी आल्यावर बायको किंवा आई म्हणते, याला दोनदा हाक मारावी लागते. झोप उडणं, दचकून उठणं, एकदम चिडणं हेही बरॅकीत दिसत नाही, कारण तिथं सगळेच तसे ताणात असतात. ते घरात दिसतं. हे मी फौजींच्या घरांत वर्षानुवर्षं पाहत आले आहे. रिलीज मेडिकलच्या, म्हणजे नोकरी सुटतानाच्या तपासणीच्या, कागदावर ‘फिट’ लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. त्या दिवशी त्या माणसानं दाखवण्यासारखं काही दाखवलेलं नसतं एवढंच. एक तर घरी जायची ओढ, आणि काही सांगितलं तर कागद अडकतील ही धास्ती. बावीस-तेवीस वर्षांचं पोर त्या टेबलासमोर उभं राहून “मला रात्री झोप लागत नाही” असं म्हणेल, अशी अपेक्षा कुणी धरू नये.

सेवेत अपंगत्व आलं तर शंभर, पंचाहत्तर आणि पन्नास टक्क्यांसाठी ४४, २५ आणि १५ लाख रुपये मिळतात. मृत्यू झाला तर ४८ लाखांचा विमा आहे आणि तो सेवेमुळे झाला असेल तर ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान. २०२३ च्या ऑक्टोबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अग्निवीराचा सियाचीनमध्ये मृत्यू झाला तेव्हा हे आकडे महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले गेले. म्हणजे सरकारनं मृत्यूचा विचार केला आहे, मोठ्या अपंगत्वाचाही केला आहे. राहून गेलं आहे ते मधलं सगळं: जे जिवावर बेतत नाही, टक्क्यांत बसत नाही, पण ज्याला डॉक्टर लागतो, औषध लागतं आणि वेळ लागतो.

आणि हे झालं फक्त त्या मुलाचं. मी जास्त बोलणार आहे ते घरच्यांबद्दल.

भरतीच्या वेळी मुलगा अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षं लग्न करता येत नाही. अट ठेवण्यामागचं कारण मी समजू शकते. पण तिचा परिणाम काय होतो? मुलगा घरी आला की पहिल्या वर्षात आई-वडील त्याचं लग्न लावतात. आमच्याकडे तर सेवा निधी यायच्या आधीच मुली पाहायला सुरुवात होते. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात सून बाळंतपणाला माहेरी जाते. म्हणजे त्याचं कुटुंब तयार होतं ते नेमकं संरक्षण संपल्यावर. नियमित शिपायाच्या बायकोचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये चढतं आणि लष्करी दवाखान्यात तिची तपासणी, सोनोग्राफी, बाळंतपण, बाळाच्या लसी, सगळं होतं. अग्निवीराच्या बायकोला यातलं काहीच मिळत नाही, कारण ती बायको झाली तेव्हा तो अग्निवीर राहिलेला नसतो. खासगी विमा काढावा म्हटलं, तर बाळंतपणासाठी तिथंही बऱ्याच पॉलिसींत आधी प्रतीक्षा काळ काढावा लागतो.

दुसरी बाजू आई-वडिलांची. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाच्या ती चटकन ध्यानात येत नाही. आमच्या सातारा-कोल्हापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारी घरं आहेत. अपशिंगे मिलिटरी या गावाची ४६ माणसं पहिल्या महायुद्धात कामी आली, त्यांच्या नावाची शिळा गावात आहे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीच्या नावातच सगळं आलं. अशा घरातला नातू अग्निवीर झाला, तर त्याच्या आईची फारशी चिंता नसते. तिचा नवरा पेन्शनर, त्यामुळे तिचं कार्ड आहे. त्या मुलाला स्वतःला काही नसलं तरी घर उभं राहतं.

पण अग्निपथमध्ये जाणारी सगळी मुलं अशा घरांतली नाहीत. जत, आटपाडी, माण, खटाव इथल्या कोरडवाहू शेतीतून, बीडच्या ऊसतोडीच्या घरांतून, बुलढाण्याच्या, नंदुरबारच्या गावांतून पहिल्यांदाच फौजेत गेलेली मुलं त्यात आहेत. त्यांच्या घरात आधी कुणी नोकरीतच नव्हतं, मग कार्ड कुठून असणार? त्यांच्या आईचा थायरॉइड आणि वडिलांचा दमा चार वर्षं त्या मुलाच्या पगारावर चालला. पहिल्या वर्षी हातात येणारे २१,००० आणि चौथ्या वर्षी येणारे २८,००० यातूनच ते भागलं. ज्या घराला सर्वांत जास्त गरज, त्याच घरावर पगार थांबल्याचा फटका सर्वांत आधी बसतो. ईसीएचएसच्या नियमांत आई-वडिलांचं उत्पन्न दरमहा ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता एवढ्याच्या आत असेल तर ते अवलंबून धरले जातात. हाच नियम इथं लावा. नवीन व्याख्या शोधायची गरज नाही.

यावर मला हमखास उत्तर मिळतं ते असं: महाराष्ट्रात आता सगळ्यांनाच जन आरोग्य योजना आहे, मग वेगळं कशाला? हे उत्तर मी हलक्यानं घेत नाही. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. त्याआधी १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि माझ्या गावातल्या माणसांचे जीव त्यांनी वाचवले आहेत. पण जन आरोग्य योजना प्रामुख्यानं दवाखान्यात दाखल होऊन करायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या, महिन्याची तपासणी, फिजिओथेरपी, मनाच्या डॉक्टरकडे दर पंधरवड्याला जाणं, कानाचं यंत्र, यात तिचा उपयोग थोडा. शिवाय फौजेतून आलेला मुलगा गावात थांबेलच असं नाही. कुणी गुजरातेत कंपनीच्या गेटवर उभा राहील, कुणी गुरुग्रामला. राज्याची योजना घरी राहते आणि माणूस परराज्यात. शिवाय ही मुलं फक्त महाराष्ट्राची नाहीत. सैन्य केंद्राचं, आदेश केंद्राचा, कामगिरी देशाच्या सीमेवरची, आणि नंतरचं आजारपण मात्र ज्या त्या राज्यानं पाहायचं, हे मला पटत नाही.

खासगी विम्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथला अन्याय कुणाच्याच डोळ्यांवर येत नाही. पुण्याच्या एखाद्या कंपनीत मुलगा चार वर्षं नोकरी करतो. कंपनीचा गट विमा असतो, त्यात बायको आणि आई-वडीलही असू शकतात. नोकरी सोडताना त्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि प्रतीक्षा काळाचा जेवढा भाग त्यानं गट विम्यात काढला, तेवढा हिशेबात धरला जातो. अग्निवीरानंही चार वर्षं नोकरी केली. पण लष्करी दवाखाना हा विमा नाही, त्यामुळे ती चार वर्षं कोणत्याही विमा कंपनीच्या दप्तरी नाहीत. तो पॉलिसी काढायला जातो तेव्हा त्याचं खातं शून्यापासून सुरू होतं: अपघात सोडला तर पहिले तीस दिवस काहीच नाही, आणि आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांची वाट. २०२४ पूर्वी ही वाट अठ्ठेचाळीस महिन्यांची होती, विमा नियामकानं ती कमी केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. ही चांगली पावलं आहेत. पण गुडघा फौजेत गेला आणि विमा कंपनीच्या लेखी तो ‘आधीपासूनचा आजार’ ठरला, तर त्या मुलानं तीन वर्षं काय करायचं?

इथे आपल्या मंत्रालयाला पैसा न खर्चता करता येण्यासारखं एक काम आहे. विमा नियामक प्राधिकरणाशी बोलून असं ठरवून घ्या की सैन्यातल्या सेवेचा काळ हा आधीच्या विमा संरक्षणाचा काळ धरला जाईल. डिस्चार्जच्या कागदांसोबत एक प्रमाणपत्र द्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या व्यक्तीला संपूर्ण वैद्यकीय संरक्षण होतं. तेवढ्या एका कागदावर हजारो घरांचा प्रतीक्षा काळ संपेल. पेन्शनला पात्र होण्याआधी नोकरी सोडून आलेल्या नियमित जवानांनाही हा कागद मिळावा, कारण पंधरा वर्षांच्या आत स्वतःहून डिस्चार्ज घेतलेल्या शिपायालाही ईसीएचएस नसते आणि त्याच्याकडे तर सहसा कुणाचंच लक्ष जात नाही.

नोकरी सुटल्यानंतर मुदतीचं वैद्यकीय संरक्षण देणं ही कल्पना आपल्या देशात नवीन नाही, हेही सांगते. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून आहे. चाकणचा एखादा विमाधारक कामगार कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कपातीत घरी बसला आणि त्याची वर्गणीची अट पूर्ण असली, तर त्याला चोवीस महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो आणि त्या काळात त्याला व त्याच्या कुटुंबाला महामंडळाच्या दवाखान्यात उपचारही मिळतात. कामगाराच्या बाबतीत सरकारनं मान्य केलं की काम गेलं म्हणून घरातलं आजारपण थांबत नाही. दोन वर्षांची मुदत मी तिथूनच घेतली आहे.

अमेरिकेतही ही व्यवस्था आहे. तिथल्या सैनिकी आरोग्य योजनेचं नाव ट्रायकेअर. काही ठरावीक प्रकारे सेवेतून बाहेर पडणाऱ्या सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना सेवा संपल्यावर १८० दिवस हप्ता न भरता संरक्षण चालू राहतं. ज्यांना मनाविरुद्ध पण सन्मानानं सेवामुक्त केलं जातं आणि जे राखीव सैनिक मोहिमेसाठी बोलावले जातात, ते त्यात येतात. ते संपलं की साठ दिवसांच्या आत अर्ज करून, हप्ता भरून, आणखी अठरा महिन्यांचं संरक्षण विकत घेता येतं. कुटुंबातल्या काही व्यक्तींना छत्तीस महिन्यांपर्यंत. ती व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. ती सरसकट सगळ्यांना नाही आणि दुसऱ्या टप्प्याचा हप्ता बराच असतो. पण तिची रचना विचार करण्यासारखी आहे: आधी थोडा काळ विनामूल्य, मग इच्छा असेल त्याला पैसे भरून. आपल्याकडे आधीचा टप्पा एक वर्षाचा आणि पुढचा एक वर्षाचा ठेवता येईल.

पैसे भरून म्हटलं तर अग्निवीर नाही म्हणणार नाही. आज शिपायापासून हवालदारापर्यंत पेन्शनवर येणारा माणूस ईसीएचएससाठी एकदाच ३०,००० रुपये भरतो आणि त्यात त्याला आणि बायकोला कायमचं, आणि मुलांना व आई-वडिलांना ते त्याच्यावर अवलंबून असेपर्यंत संरक्षण मिळतं. दुसऱ्या वर्षाच्या मुदतीच्या संरक्षणासाठी त्याच्या सेवा निधीतून यातला योग्य तो हिस्सा कापून घ्या, तोही त्यानं फॉर्मवर होकार दिला तर. अकरा-साडेअकरा लाखांतून काही हजार जाणं कुणाला जड वाटणार नाही. घरात एक मोठं आजारपण आलं आणि दुकान टाकायला किंवा विहीर खोदायला ठेवलेली सगळी रक्कम दवाखान्यात गेली, ते मात्र फार जड जातं. सेवा निधी ज्या हेतूनं दिला, तो हेतूच मग बुडतो.

“अटी माहीत असूनच ते गेले होते” असंही लोक म्हणतात. खरं आहे, सह्या त्यांनीच केल्या. साडेसतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी, भरतीच्या मैदानावर पहाटे धावून आल्यावर केल्या. आणि अटी काही दगडावर कोरलेल्या नसतात. योजना जाहीर झाली आणि दोनच दिवसांत त्या वर्षापुरती वयाची अट एकवीसवरून तेवीस केली गेली, कारण आधीची दोन वर्षं भरतीच झाली नव्हती आणि ते मुलांवर अन्यायाचं होतं. २०१९ मध्ये मंत्रिमंडळानं शॉर्ट सर्व्हिसच्या, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्याच नेमलेल्या, अधिकाऱ्यांसाठी ईसीएचएस खुली केली. त्यांनाही पेन्शन नव्हती आणि त्यांच्याही मूळ अटींत ईसीएचएस नव्हती. अधिकारी होण्याच्या प्रशिक्षणात जखमी होऊन घरी पाठवलेल्या कॅडेट्सची सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्या मंत्रालयानं त्यांनाही ईसीएचएसमध्ये घेतलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण वाटतं की शिपायाच्या मुलासाठी कुणाला न्यायालयात जावं लागू नये. अधिकाऱ्यासाठी जे दार उघडलं, ते चार वर्षं त्याच्याच हुकमाखाली उभ्या राहिलेल्या पोरासाठी दोन वर्षांपुरतं तरी उघडायला काय हरकत आहे?

ईसीएचएसवर आधीच ताण आहे, हे मला कुणी सांगायला नको. १ एप्रिल २००३ ला योजना सुरू झाली, आज देशात चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ८,३१७ कोटी रुपये ठेवले होते, आणि तरीही औषधाच्या खिडकीवर “अजून आलं नाही” हे ऐकावं लागतं. पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या खासगी, दवाखान्यांची बिलं थकली की ते आमच्या माणसांना टाळू लागतात. यात आणखी हजारो कुटुंबं आली तर आधीच्या म्हाताऱ्या पेन्शनरांचं काय, ही भीती आमच्यातल्याच काही जणांनी माझ्यापाशी बोलून दाखवली. त्यांना मी जे सांगते तेच आपल्यालाही सांगते. ईसीएचएसचा मोठा खर्च साठी-सत्तरीतल्या माणसांच्या हृदयावर, मूत्रपिंडावर, कर्करोगावर होतो. घरी येणारा अग्निवीर पंचविशीच्या आसपासचा असतो, बायको त्याहून लहान. त्यांची गरज बाळंतपण, अपघात, दुखापतीचा राहिलेला उपचार आणि आई-वडिलांच्या नेहमीच्या गोळ्या एवढीच बहुधा राहील. तरीही ताण वाटत असेल तर हे संरक्षण ईसीएचएसच्या खात्यात न घालता त्यासाठी वेगळी तरतूद करा. पेन्शनरांच्या ताटातलं काढून पोरांना वाढा, असं माझं मागणं मुळीच नाही.

यंत्रणा तयार आहे, हेही मला नोंदवायचं आहे. पेन्शनवर येणाऱ्या माणसानं ईसीएचएसचा अर्ज केला की कार्ड हातात येईपर्यंत तात्पुरती पावती मिळते आणि तिच्यावर उपचार होतात. आमच्या कार्डांना वेळ लागला तेव्हा आमचंही त्या पावतीवरच भागलं. कागदाचा तो साधा तुकडा आहे, पण पॉलिक्लिनिकमध्ये त्याला मान आहे. तारीख घातलेली तशीच एक पावती अग्निवीराला द्या. तो ज्या युनिटमधून किंवा रेकॉर्ड ऑफिसमधून निघेल, तिथंच त्याच्या हातात पडू द्या, घरी येऊन जिल्ह्याच्या गावाला खेटे घालायला लावू नका. पहिल्या दोन वर्षांत लग्न झालं तर बायकोचं आणि पुढे बाळाचं नाव जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चढवता यावं. अग्निवीर माजी सैनिक ठरत नाही म्हणून आज त्या कार्यालयात त्याला कुठल्या टेबलावर पाठवायचं हाच प्रश्न पडतो. निदान या एका कामापुरता त्याचा अर्ज तिथं घेतला जावा, असा स्पष्ट आदेश हवा. आणि सेवेत असताना सुरू झालेल्या आजाराचा किंवा दुखापतीचा उपचार मात्र दोन वर्षांच्या मुदतीत न अडकवता, तो माणूस बरा होईपर्यंत लष्करी दवाखान्यानंच करावा. त्याच्या गुडघ्यात पट्टी लष्कराच्या सर्जननं बसवली असेल, तर ती काढायलाही त्याला तिथंच जाता आलं पाहिजे.

मानसिक आरोग्यासाठी या दोन वर्षांत निदान दोन-तीन वेळा स्वतःहून बोलावून तपासणी व्हावी, असंही मला वाटतं. मुलगा आपण होऊन जाणार नाही. बोलावणं आलं, कागद आला, तारीख पडली, की तो शिस्तीनं हजर होईल. ती सवय फौजेनं त्याला लावलेलीच आहे.

आपल्या खात्यानं हे पत्र वाचून “विचाराधीन आहे” एवढं उत्तर पाठवलं, तर त्याचा उपयोग नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं भरतात ती तारीख खात्याला भरतीच्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यामुळे निर्णय त्या तारखेच्या आधी व्हावा आणि त्याचं पत्रक मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत निघावं. निर्णयाला त्या तारखेपेक्षा उशीर झाला, तर आधी घरी पोहोचलेल्या मुलांनाही त्यांच्या डिस्चार्जच्या दिवसापासून तो लागू करावा. आमच्या गावातल्या पोरांचे अर्ज भरून द्यायला मी बसेन, त्याची काळजी करू नका. अर्ज तेवढा काढा.

आपली नम्र,
एका निवृत्त हवालदाराची पत्नी
सातारा जिल्हा, महाराष्ट्र